पडद्याच्या कडेचं कोपर

९ एप्रिल

विहीणबाई,

नमस्कार. मुलांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आपण एकमेकींना पत्र कधी लिहिलं नव्हतं. गरज पडली नाही. आता फोन आहे, पण तुमच्याकडे तो हॉलमधल्या टेबलावर उभा करून ठेवलेला असतो आणि मी बोलते ते तिथून येणारे-जाणारे सगळे ऐकतात. काही गोष्टी दोघींतच बोलायच्या असतात.

टपालवाला आठवड्यातून दोनदा येतो, तोंडाला फडकं बांधून. खालच्या पेटीपर्यंत जायची मला परवानगी नाही. सरकारची नाही आणि मुलाची तर त्याहून नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडते. त्यात पत्र जातं, आणि भाजी, दूध, दम्याचं औषध वर येतं. पूर्वी मी सकाळी सहाला तलावाला दोन फेऱ्या मारायची, मग वाचनालय, आणि शनिवारी दहाची बस पकडून तुमच्याकडे. चुकले. माझ्या मुलाकडे. आता गच्चीत चाळीस येरझाऱ्या घालते. एकाहत्तर वर्षांच्या बाईने गच्चीत गोल गोल फिरावं हे समोरच्या इमारतीतल्या लोकांना करमणुकीचं वाटतं.

तुम्ही वीस मार्चला आठ दिवसांसाठी आलात. आज वीस दिवस झाले. रस्ते बंद झाले त्याला तुमचा इलाज नाही, हे मला कळतं. तरी तिथे आहातच, तर आपल्या नातीबद्दल, मुंगीबद्दल, थोडं सांगून ठेवते. दर शनिवारी सहा वर्षं मी तिला पाहिलं आहे, तेव्हा तेवढा हक्क आहे असं समजते.

दूध कोमट द्यावं, साय काढून. गोष्ट सांगताना मध्ये थांबू नये, ती धागा सोडते. पायरी उतरताना हात धरावा. ती नको म्हणते, तरी धरावा. आणि केस फार घट्ट बांधू नका. परवा फोनच्या पडद्यावर तिचे डोळे ताणल्यासारखे दिसले.

तब्येतीला जपा. तुमचंही आता वय झालं.

तुमची,
मुंगीची आजी


१७ एप्रिल

विहीणबाई,

पत्र पोचलं. टोपलीची युक्ती चांगली आहे.

दुधावरची साय काढली. मुंगी म्हणाली, साय कुठे गेली? मी म्हटलं, तुला आवडत नाही ना. ती म्हणाली, आवडते, पण आजी काढून टाकते म्हणून मी काही बोलत नाही. तेव्हा साय परत घातली.

केसांचं असं की मी छत्तीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलं. सकाळी साडेसहाला चाळीस डोकी रांगेत. सैल वेणी दुपारपर्यंत टिकत नाही, आणि एकीच्या डोक्यातलं दुसरीच्या डोक्यात जातं. हात आता तसेच वळतात. डोळे ताणलेले नाहीत. तिचे डोळे तसेच आहेत, माझ्या लेकीसारखे.

मंगळवारी तिचा पुढचा खालचा दात पडला. चार दिवस हलत होता, मी सफरचंद दिलं. तिला तुम्हाला स्वतः दाखवायचा होता, पण चारच्या फोनपर्यंत विसरली. लहान पोर आहे.

माझा दिवस विचारला नाहीत, तरी लिहिते. माझ्या गावी मी रोज सकाळी बागेत पत्ते खेळायला जायची. आम्ही पाचजणी. आता पाचजणी पाच घरांत आणि पत्त्यांचा जोड माझ्या कपाटात. इथे पाचला उठते. साबणाचं पाणी करते. दाराच्या कड्या, नळ, दिव्यांची बटणं, पिशव्या, सगळं पुसते. भाजी धुऊन वाळवते. जावई हॉलमध्ये संगणकासमोर बसून दिवसभर लोकांना 'ऐकू येतंय का' असं विचारत असतात. लेक उशिरा येते. मागच्या खोलीत वेगळी जेवते. दमलेली असते.

तुम्ही निवांत राहा. इथली काळजी नको.

मुंगीची दुसरी आजी


२६ एप्रिल

विहीणबाई,

निवांत हा शब्द वाचून पत्र बाजूला ठेवलं ते चार दिवसांनी उचललं. माझ्याकडे निवांतपणा इतका आहे की थोडा टोपलीतून पाठवता आला असता तर पाठवला असता.

साय तिला आवडते हे मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

दाताबद्दल मात्र मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. तो दात पहिल्यांदा आला तेव्हा कुणाला दिसला नव्हता. मी तिला भरवत होते आणि चमचा टक्क वाजला. चमचा माझ्या हातात होता. तो आला तेव्हा मी होते, आणि गेला तेव्हा तुम्ही, तेही सफरचंद देऊन. मला पत्राने कळतं.

दुसरं. चार वाजता मी इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट करून खुर्चीवर बसते. गेले महिनाभर माझ्या दिवसात तेवढंच आहे. समोर मुंगी दिसते आणि पडद्याच्या उजव्या कडेला तुमचं कोपर दिसतं. रोज. मी तिला काही विचारलं की ती उत्तर द्यायच्या आधी कोपराकडे बघते. ती आता 'हो ना गं बाई' म्हणायला लागली आहे. हे आमच्या घरात कुणी म्हणत नाही.

गुरुवारी ती खुर्चीवरून पडली. मला आवाज आला, दिसलं काहीच नाही. ती माझ्यासमोरून उठून कोपराकडे गेली. तुम्ही म्हणालात, 'कुठे लागलं, दाखव, काही नाही, काही नाही.' मीही इकडून तेच म्हणत होते, पण माझं कुणी ऐकत नव्हतं. मग अकरा मिनिटं मी रिकामी खुर्ची आणि मागचं कपाट बघत बसले. शेवटी चिरंजीव तिथून गेले आणि म्हणाले, 'आई, तू अजून आहेस?'

सून वेगळी जेवते हे मला ठीक वाटत नाही. आई आली की लेकीला चार दिवस बरं वाटतं. पुढे एकाच ओट्यावर दोन बायका झाल्या की खटके उडतात, मग ती सख्खी आई का असेना. तसं काही असेल तर मोकळेपणाने सांगा. तुमच्या घराला महिनाभर कुलूप आहे. नळ गळत असतील, झाडं वाळली असतील. आपलं घर ते आपलं घर.

तुमची,
आजी


५ मे

विहीणबाई,

नळ गळत नाहीत. झाडांना शेजारची शिंपीण पाणी घालते. लेकीचं आणि माझं बिनसलेलं नाही. तुमच्या सुनेला दिवसभर दवाखान्यात उभं राहावं लागतं, नर्सबाईचं काम आहे. पाय धुऊन तिला आडवं व्हायचं असतं.

आता कोपराचं. साडेतीनला मुंगी निळा फ्रॉक मागते. तोच. तोंड धुते, न सांगता. मी सकाळपासून त्या तोंडाच्या मागे असते तेव्हा ते धुतलं जात नाही. चारला पाच कमी असताना मला म्हणते, 'तू आता आत जा. आमचं बोलणं आहे.' मी जात नाही. फोन पडेल, ती पडेल, असं म्हणून कडेला बसते. फोन आजवर पडलेला नाही. ते कोपर त्यासाठी असतं.

तुमचं पत्र आल्यापासून आत जाते. तिथून तुमचं हसणं ऐकू येतं. तुम्ही तिला काय सांगता ते ती मला सांगत नाही. विचारलं तर म्हणते, ते आमचं आहे. मग मी भांडी घासते. घासलेली असली तरी घासते.

'हो ना गं बाई' माझंच आहे. तिला सांगितलंय की आजीसमोर म्हणू नकोस. म्हणून आता ती मुद्दाम म्हणेल.

मुंगीची दुसरी आजी


१२ मे

विहीणबाई,

निळ्या फ्रॉकची ओळ मी चार वेळा वाचली. तुम्ही ती लिहिलीत याबद्दल आभार. तुमच्या जागी मी असते तर लिहिली नसती.

घासलेली भांडी पुन्हा घासता हे वाचून जीव कळवळला. आपलं घर, आपली माणसं, आपले पत्ते सोडून बसणं सोपं नाही. म्हणून न सांगता एक काम केलं आहे. रागावू नका.

अडकून पडलेल्या ज्येष्ठांना आपापल्या घरी जायला पास मिळणार, असं सरकारने जाहीर केलं आहे. अर्ज टपालानेही चालतो. मी एकतीस वर्षं परवान्यांच्या खिडकीत बसले. कुठला अर्ज पुढे सरकतो आणि कुठला गठ्ठ्याच्या तळाशी जातो हे मला अर्ज उघडायच्या आधी कळायचं. लोक कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहितात आणि महिनोन्‌महिने बसून राहतात. तुमचा अर्ज मी भरला. वय, पत्ता, तुमच्या गावचा पत्ता, सगळं मला पाठ होतं, लग्नाच्या यादीपासून. सहीच्या जागी 'करिता' म्हणून माझी सही.

कारणाचा विचार दोन दिवस केला. वयामुळे नुसती दया येते, काम होत नाही. शेवटी लिहिलं: 'अर्जदार ज्या घरी सध्या राहतात, त्या घरातील परिचारिका तापाच्या रुग्णांच्या विभागात काम करीत असून अर्जदारांच्या जिवाला धोका आहे.' खोटं आहे, मला माहीत आहे. सून बाळंतिणींच्या विभागात आहे, मुलाने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण कारणाला वजन लागतं. पास हातात पडला की कुणी तपासत नाही.

आठ-दहा दिवसांत येईल. सामानाची तयारी करून ठेवा. तुम्ही गेल्यावर मुंगीचं कसं करायचं ते मी मुलाशी बोलेन.

तुमची,
आजी


२० मे

विहीणबाई,

काल सकाळी आरोग्य खात्याची दोन माणसं आली. पांढरे झगे, तोंडावर काच. हातात तुमच्या अर्जाची प्रत. तुमचं अक्षर मी लांबून ओळखलं. त्यातल्या बाईने लेकीला विचारलं, तापाच्या विभागात कोण आहे? लेकीने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, मी.

तुम्ही खोटं म्हणून जे लिहिलंत ते खरं आहे. दोन एप्रिलपासून ती त्याच विभागात आहे. बाळंतिणींचा विभाग त्यांनी एप्रिलच्या सुरुवातीलाच रिकामा केला.

चौघांच्या नाकात काड्या घालून नेल्या. दारावर लाल अक्षरांचा कागद चिकटवला. चौदा दिवस कुणी बाहेर नाही, कुणी आत नाही. मुंगीने विचारलं, यावर काय लिहिलंय? जावई म्हणाले, आपला पत्ता. ती म्हणाली, मला वाचता येतं बाबा.

आता सगळं सांगते. जावयांनी मला शपथ घातली होती, ती मोडते आहे. मी सांगितलं असं त्यांना म्हणू नका.

वीस मार्चला मी आठ दिवसांसाठी आले नव्हते. लेकीचा फोन आला, 'आई, ये. तापाच्या विभागासाठी आमच्या सगळ्यांच्या नावांची यादी लागणार आहे. मी घरी आले तरी मुंगीला हात लावू शकणार नाही. कुणीतरी हात लावणारं पाहिजे.' मी त्याच संध्याकाळी निघाले. आठ दिवस हे तुम्हाला सांगायचं ठरलं.

दोन एप्रिलपासून ती मागच्या दाराने येते. कपडे बादलीत, अंघोळ, मागची खोली. मी ताट उंबऱ्याशी ठेवते, तीन पावलं मागे येते, मग ती दार उघडते. दीड महिना लेकीला शिवलेले नाही. मुंगी त्या दाराला पाठ लावून बसते आणि आतली आई आतून पाठ लावून बसते. मी कड्या पुसते ते हौसेने नाही.

तुमच्यापासून लपवलं ते जावयांनी. म्हणाले, आईला कळलं तर ती पहिल्या गाडीने इथे येईल, आणि आईचा दमा. आईला काही होऊ द्यायचं नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, भाजी निवडता निवडता. त्याच खोलीत होते. मी अडुसष्ट वर्षांची आहे. रक्तदाबाची गोळी घेते. माझं नाव कुणी काढलं नाही.

तुम्ही त्या दोरीवर, टोपलीवर, अकरा मिनिटांवर रागावता. माझ्या लेकीने मला बोलावून घेतलं, तुमच्या मुलाने तुम्हाला लांब ठेवलं. दोघींतली कोण लाडकी, सांगा. मला हेवा वाटतो तुमचा. मी उभ्या जन्मात कुणाला असं लिहिलेलं नाही.

आणि हो, तुम्ही मागवलेला माझा पास आजच आला. पटकन आला. कारणाला वजन होतं.

मुंगीची दुसरी आजी


२५ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र शेजारच्या कुणीतरी चिमट्यात धरून टपालात टाकलं असावं, पाकिटाला चिमट्याच्या खुणा आहेत. मी ते हाताने उघडलं आणि नंतर हात धुतले नाहीत.

सुनेचा निकाल मला फोनवर कळला. ताप नव्हता, खोकला नव्हता, आणि तरी आजार निघाला. तुम्ही तिघं सुटलात. तिला नेलं तेव्हा मुंगी कुठे होती, हे मुलाने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मुलाशी बोलले. तुमचं नाव घेतलं नाही. अर्जाच्या चौकशीतून कळलं, असं म्हटलं. तेही एका परीने खरंच. तो म्हणाला, 'आई, तुला सांगून तू काय केलं असतंस?' मी म्हटलं, 'आले असते.' तो म्हणाला, 'म्हणूनच.' मी पहिल्यांदाच त्याचा फोन आधी ठेवला.

अर्जाबद्दल क्षमा मागते. मला तुम्हाला घालवायचं होतं. भांड्यांचा कळवळा वगैरे मी वरून लावला होता. तो कागद तुमच्या दारावर मीच चिकटवला असं मी धरून चालते.

पण विहीणबाई, एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. लाडकी कोण, असं विचारलंत. मला जपून ठेवलं आहे. हिवाळी कपडे कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवतात, तसं. तुम्ही थकता, घाबरता, कड्या पुसता, पण संध्याकाळी तुमच्या हाताला मुंगीच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. मला कुणी विचारलं असतं तर मी दमा घेऊन आले असते. कुणी विचारलं नाही. सगळं कळल्यावरही माझी जळजळ कमी झालेली नाही. कमी व्हायला हवी होती.

कागद निघाला की मुंगीला माझ्याकडे पाठवा. सून परत येईल, तिला वेगळं ठेवावं लागेल, तुम्हाला तिच्याकडे बघावं लागेल. दाराला पाठ लावून किती दिवस बसणार ती? हे सगळं खरं आहे. मी ते मुंगीसाठी मागते आहे की माझ्यासाठी, हे मला विचारू नका. मी दोन दिवस स्वतःला विचारते आहे.

आजी


६ जून

विहीणबाई,

कागद काल निघाला, लेकीला नेल्यापासून पुन्हा चौदा दिवस मोजून. डिंक दारावरच राहिला, घासून जात नाही.

लेक अजून दवाखान्यात आहे. पाच दिवस नळीने श्वास घेत होती, परवा नळी काढली. डॉक्टर म्हणाले, लक्षण नसताना कळलं, म्हणून पहिल्या दिवसापासून नजरेखाली राहिली. तुमच्या अर्जामुळे, म्हणजे. हे तुम्हाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मुंगीची दोनदा तपासणी झाली. दोन्ही वेळा स्वच्छ. जावई नको म्हणतात. रात्रंदिवस एकच, आईचा दमा. मी त्यांना म्हटलं, तुमची आई काचेची नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अजून वसतिगृहात नोकरीला असते तर राजीनामा दिला असता. पण शेवटी हो म्हणाले. रिकाम्या मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून ती रोज बसते. ते त्यांनाही बघवत नाही.

तेव्हा नवा अर्ज करा, तिच्या नावाचा. या वेळी कारण जुळवावं लागणार नाही.

मी हे तुमच्यासाठी करत नाही. नीट समजून घ्या. बॅग भरताना निळा फ्रॉक तिने स्वतः वर ठेवला. मी तिला आठ दिवस सांगितलंय. आपल्या घरात आठ दिवस म्हणजे किती, ते तिला कळत नाही अजून.

पायरी उतरताना हात धरू नका. ती आता दोन दोन पायऱ्या उतरते. धरलात की अडखळते.

मुंगीची दुसरी आजी


१८ जून

विहीणबाई,

लेक रविवारी घरी आली. पंधरवडाभर तरी ताकद येणार नाही. दवाखान्याने सांगितलं, आता तिच्यापासून भीती नाही, जवळ गेलं तरी चालेल. मी तरी उंबऱ्याशी ताट ठेवून तीन पावलं मागे आले. पायांना सवय झाली होती. ती म्हणाली, 'आई, आत ये ना.'

केस फार गुंतले होते. दोन दिवस लागले. केस हातात येत होते, मी मुठीत लपवत होते. ती म्हणाली, 'लपवू नकोस, मला कळतंय.' घट्ट वेणी घातली.

मुंगी तुमच्याकडे गेल्यापासून घरात आवाज नाही. जावई 'ऐकू येतंय का' विचारतात तेवढाच. चार वाजता तुम्ही फोन लावता तेव्हा लेक आणि जावई बोलतात, मी बसत नाही. आधी मुंगीच्या आईला बोलू दे, मग तिच्या बाबांना. माझा नंबर येईपर्यंत ती कंटाळून खेळायला जाते.

एक विचारते. मुंगी माझी आठवण काढते का? खरं लिहा. तुम्ही खोटं फार व्यवस्थित लिहिता, तेव्हा जपून लिहा.

मुंगीची दुसरी आजी


२६ जून

विहीणबाई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आठ दिवस लावले. दोनदा लिहून फाडलं. एकात लिहिलं होतं की रोज काढते. ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. दुसऱ्यात लिहिलं होतं की फारशी नाही. ते मला बरं वाटावं म्हणून. आता झालं तसं लिहिते.

ती आली त्या दिवशी मुलगा जिन्याखाली उभा राहिला. वर आला नाही. मी तीन मजले उतरले, तीन महिन्यांत पहिल्यांदा. ती मला बघून लाजली. पडद्यावर एवढी बडबड करणारी पोर, पण मी पडद्याबाहेर आल्यावर माझ्या चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'तू बुटकी आहेस.' पायऱ्यांवर मी हात धरला. ती अडखळली.

पहिले दोन दिवस तिने तुमचं नाव काढलं नाही. मी ते मोजत होते. मला आनंद झाला होता, खोटं का बोलू. आम्ही गच्चीत चाळीस येरझाऱ्या घातल्या, तिने साठ घातल्या. टोपली सोडायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं. खालच्या भाजीवाल्याला ती वरून ओरडून सांगते, 'ताजी आहे का, हो ना गं बाई?' तो मान वर करून म्हणतो, 'हो गं बाई.' आता समोरच्या इमारतीतले लोक तिची वाट बघतात, माझी नाही.

तिसऱ्या दिवसापासून सुरू झालं. वेणी सैल आहे. दुधावर साय कमी आहे. 'गोष्ट सांगताना तू मध्ये थांबत का नाहीस? ती थांबते, मग मी सांगते पुढे काय झालं ते.' मी थांबून बघितलं. तिने पुढचं सांगितलं. माझ्या गोष्टीपेक्षा बरं होतं.

माझा दमा दोनदा उचलला. मुलाला कळवलेलं नाही, तुम्हीही कळवू नका. दुसऱ्या वेळी मी खिडकीशी बसून श्वास घेत होते तेव्हा ती आली, माझ्यापासून तीन पावलं लांब उभी राहिली आणि म्हणाली, 'शिवायचं नाही ना तुला?' मी म्हटलं, 'शिव.' तिने आधी एक बोट लावलं. मग येऊन मांडीवर बसली. जड झाली आहे. श्वास घ्यायला आणखी त्रास झाला, पण उठवलं नाही.

आता परवाचं. तुम्हाला ती माई म्हणते आणि मला आजी, हे आपल्याला दोघींनाही माहीत आहे. परवा दुपारी ती जेवून झोपली होती. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. झोपेत काहीतरी दिसलं असावं. आतून हाक आली, 'माई.'

मी घडी घालत राहिले. म्हटलं, जागी होईल, बघेल, कळेल तिला कुठे आहे ते. पुन्हा हाक आली, जरा मोठ्याने. मला वाटलं, जावं आणि सांगावं की मी आजी आहे. उठलेसुद्धा. दारापर्यंत गेले. तिचे डोळे मिटलेले होते आणि हात अंथरुणावर काहीतरी चाचपत होता.

तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी ओ दिली.

आजी